कोलकात्याची भुयारी मेट्रो : दोन्ही टोके आधी, मधला तुकडा शेवटी

घाटमाथा (विटा)

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या भाच्याने परवा मला ‘भारतातील पहिली भुयारी मेट्रो कोणत्या साली सुरू झाली’ असा प्रश्न विचारला आणि मी तोंड उघडण्याआधीच ‘१९८४’ असे स्वतःच सांगून तो मोकळा झाला. उत्तरपत्रिकेत त्याला गुण मिळतील यात शंका नाही. परंतु ज्या रस्त्याखालून ती मेट्रो जाते त्या रस्त्यालगत माझ्या वडिलांनी पंचवीस वर्षे काढली आणि त्यांच्या हिशेबाने ती १९९५ मध्ये सुरू झाली. या अकरा वर्षांच्या फरकाविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी आमचा आणि कोलकात्याचा संबंध सांगतो. जुने दागिने व सराफांच्या दुकानांतील झाडलोट आटवून, तेजाबाने हीण काढून, शुद्ध सोने-चांदी वेगळी करणे म्हणजे गलाई. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या दुष्काळी पट्ट्यातील हजारो कुटुंबे या धंद्यापायी देशभर पांगली. माझे वडील १९७१ साली चुलत्यांच्या हाताखाली मूस धरायला म्हणून बडाबाजारात गेले आणि तिथलेच झाले. चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यू आणि महात्मा गांधी रोड जिथे एकमेकांना छेदतात, त्या चौकापासून दोन मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर आमची भट्टी होती.

कोलकात्याला भुयारी रेल्वे हवी, हा विचार स्वातंत्र्याच्याही आधीचा आहे. १९१९ मध्ये सिमल्यात भरलेल्या इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलच्या अधिवेशनात त्यासाठी एक समिती नेमली गेली आणि १९२१ मध्ये, लंडनच्या भुयारी मार्गांवर काम केलेले अभियंते हार्ली डॅलरिम्पल-हे यांनी पूर्वेच्या बागमारीपासून हुगळी नदीखालून हावड्याच्या सलकियापर्यंत जाणाऱ्या मार्गाचा आराखडा मांडला. पैशाअभावी तो बारगळला. याच गृहस्थांनी पुढे १९३१ मध्ये वीज कंपनीच्या केबलींसाठी हुगळीखालून बोगदा मात्र काढून दाखवला; म्हणजे नदीखालून रेल्वे गेली नाही, पण वीज गेली. स्वातंत्र्यानंतर मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी फ्रेंच तज्ज्ञांकडून पाहणी करवून घेतली, तीही कागदावरच राहिली. खरी हालचाल १९६९ मध्ये रेल्वेने महानगर परिवहन प्रकल्प हाती घेतल्यावर झाली. सोव्हिएत आणि पूर्व जर्मन तज्ज्ञांच्या साहाय्याने १९७१ मध्ये जो आराखडा तयार झाला त्यात एकूण ९७.५ किलोमीटरचे पाच मार्ग होते. त्यांपैकी दमदम ते टॉलीगंज हा १६.४५ किलोमीटरचा उत्तर-दक्षिण मार्ग आधी घ्यायचे ठरले. १ जून १९७२ रोजी त्याला मंजुरी मिळाली आणि २९ डिसेंबर १९७२ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली.

त्यानंतर रस्ता उकरला गेला. उकरला म्हणजे आपण नळासाठी उकरतो तसा नव्हे. अख्खा रस्ता, वरपासून खालपर्यंत, इमारतींच्या पायऱ्यांपासून काही फुटांवर. माझे बालपण त्या खड्ड्याच्या काठावर गेले. खड्ड्यावर टाकलेल्या लोखंडी फळ्यांवरून शाळेत जाताना खाली पाहू नये अशी आईची सक्त ताकीद असे आणि आम्ही अर्थातच खाली पाहत असू. खाली चिखल, आडव्या लोखंडी तुळया आणि सतत घरघरणारे पाणीउपसा पंप.

वडिलांचा त्रास वेगळाच होता. आमचा तराजू काचेच्या पेटीत ठेवलेला असे, कारण सोने तोलताना पंख्याचा वारासुद्धा चालत नाही. खाली ठोके बसू लागले की काटा मध्यावर थांबायलाच तयार नसे. गिऱ्हाईक समोर बसलेले, पारड्यात त्याचे सोने, आणि काटा इकडून तिकडे. अशा वेळी कितीही प्रामाणिक गलाईवाला चोर दिसतो. शेवटी वडिलांनी तोलण्याची वेळच बदलली. दुपारी मजुरांची जेवणाची सुट्टी झाली की आमच्याकडे तोलाईला सुरुवात होई आणि भोंगा वाजला की पेटीचे दार बंद. सोनापट्टीतील इतरांनीही मग तोच शिरस्ता धरला.

२४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर या ३.४ किलोमीटरच्या टप्प्यावर पहिली गाडी धावली. स्थानके पाच : एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, मैदान, रवींद्र सदन आणि भवानीपूर, ज्याला आता नेताजी भवन म्हणतात. जिच्या हातून पायाभरणी झाली त्या पंतप्रधानांची त्यानंतर अवघ्या आठवड्याने हत्या झाली. पुढे १२ नोव्हेंबरला दमदम ते बेलगाछिया हा उत्तरेचा २.१५ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. मला वडिलांनी त्या हिवाळ्यात नेले. सोनापट्टीपासून एस्प्लनेडपर्यंत दोन किलोमीटर चालत, कारण आमच्या दाराशी तर नुसता खड्डा होता. नऊ वर्षांच्या मुलाला त्या दिवशी गाडीपेक्षा सरकता जिना मोठा वाटला, हे कबूल केले पाहिजे.

यानंतर वाचकांनी तारखांकडे लक्ष द्यावे. २९ एप्रिल १९८६ रोजी भवानीपूरच्या पुढे टॉलीगंजपर्यंत गाडी गेली आणि दक्षिण भाग पुरा झाला. मग आठ वर्षे नवा एक मीटरही उघडला नाही. १३ ऑगस्ट १९९४ ला बेलगाछिया-श्यामबाजार जोडले गेले, २ ऑक्टोबर १९९४ ला एस्प्लनेड-चांदनी चौक हा पाऊण किलोमीटरचाही नसलेला तुकडा, आणि १९ फेब्रुवारी १९९५ ला एकाच दिवशी उत्तरेकडून गिरीश पार्क व दक्षिणेकडून सेंट्रल. आता राहिले होते गिरीश पार्क ते सेंट्रल यांमधले १.८ किलोमीटर आणि त्यातले एकुलते एक स्थानक, महात्मा गांधी रोड. म्हणजे आमचा चौक. वडील म्हणत, “दोन्ही बाजूंनी घास तोंडापर्यंत आलाय, फक्त तोंड उघडायचं राहिलंय.” ते २७ सप्टेंबर १९९५ रोजी उघडले आणि दमदमहून टॉलीगंजपर्यंत सलग गाडी गेली.

हा मधला तुकडा सर्वांत शेवटी का झाला, याविषयी माझी काही मते आहेत. पण मी अभियंता नाही. जाणकारांनी लिहावे.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

लेख आवडला. तराजूचा प्रसंग विशेष, कारण इतिहासाच्या पुस्तकात असली अडचण कुणी नोंदवत नाही.

मला पडलेला प्रश्न अगदी भाबडा आहे. रस्त्याखालून रेल्वे न्यायची तर उंदरासारखे आतल्या आत पोखरत जायचे सोडून वरून सगळा रस्ता का फोडला? आमच्याकडे पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर करताना नाका असाच वरून खणला होता आणि तेवढ्या काळात आम्हा सातारकरांना आपल्याच गावात वाट विचारावी लागत होती. पण तो मोटारींचा छोटासा भुयारी रस्ता. सोळा किलोमीटरसाठी हीच पद्धत वापरणे म्हणजे शहराला दशकभर वेठीस धरणे नव्हे काय? लंडनमध्ये तर शंभर वर्षांपूर्वीच बोगदे पोखरले गेले होते.

कोयनाकाठ (कराड)

प्रश्न भाबडा नाही, नेमका आहे. माझी बरीच नोकरी कोयनेच्या चौथ्या टप्प्यातील बोगद्यांवर गेली, त्यामुळे थोडे अधिकाराने आणि बरेचसे कुतूहलाने लिहितो.

प्रथम लंडनविषयी. १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जी जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, ती मुख्यतः रस्ता वरून खणून, कमान बांधून, पुन्हा बुजवूनच केलेली होती आणि तिच्यात वाफेची इंजिने धावत. खोलवर पोखरलेला, विजेवर चालणारा नळमार्ग १८९० मध्ये आला. तो शक्य झाला त्यामागे पोलादी ढाल (म्हणजे आतल्या मजुरांवर माती ढासळू न देता खणत जाईल तसे पुढे सरकवायचे कवच) जितकी, तितकीच लंडनची माती होती. तेथील निळसर चिकणमाती घट्ट आहे, पाणी सहजी सोडत नाही आणि कापल्यावर काही काळ उभी राहते.

आता आपल्याकडचे पाहा. कोयनेला आम्ही सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये सुरुंग लावत असू. स्फोटाचा धूर निवल्यावर आत गेलो की खडक बहुतेक ठिकाणी स्वतःच्या पायांवर उभा असे. आमचे काम त्याला आधार देण्यापुरते. कोलकात्यात खडक नाहीच. गंगेने आणून टाकलेला गाळ, मऊ चिकणमाती आणि मध्येमध्ये वाळूचे थर, तेही जमिनीखाली थोड्याच अंतरावर लागणाऱ्या पाण्यासकट. अशा जमिनीत पोखरायला गेले तर बोगद्याच्या तोंडातून माती आणि पाणी आत वाहू लागते, आणि जेवढी माती आत येते तेवढी वरची इमारत खाली बसते. अशा जमिनीला तोंडावर दाब देऊन थोपवून धरणारी आजची यंत्रे त्या काळी आपल्या हाताशी नव्हती.

म्हणून वरून खणायचे ठरले. पद्धत थोडक्यात अशी : रस्त्याच्या दोन्ही कडांना खोल, अरुंद चर घ्यायचे. चर ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट मातीचा दाट राबडा भरून ठेवायचा. त्यात सळ्यांचा सांगाडा सोडून तळापासून काँक्रीट भरत आणायचे, म्हणजे राबडा वर येऊन बाहेर पडतो आणि जमिनीच्या आत भिंत तयार होते. मग दोन भिंतींमधली माती काढत जायचे आणि जसजसे खाली जाऊ तसतशा आडव्या तुळया लावायच्या, नाहीतर भिंती बाहेरच्या मातीच्या दाबाने आत झुकतील. घाटमाथा यांनी लहानपणी फळ्यांवरून पाहिल्या त्या याच तुळया असाव्यात. शेवटी तळ, छत, वर भराव आणि मग रस्ता.

एका ठिकाणी मात्र पोखरण्यावाचून गत्यंतर नव्हते. बेलगाछिया आणि श्यामबाजार यांच्यामध्ये चितपूरचे रेल्वे यार्ड आणि एक कालवा येतो. ही दोन्ही उकरता येत नाहीत. तिथे सुमारे एक किलोमीटर लांबीचे जोडबोगदे ढालीच्या साहाय्याने, आत दाबाखालील हवा भरून काढले. हवेचा दाब पाण्याला बाहेर थोपवून धरतो. मजुरांना आत-बाहेर जाताना एका बंद खोलीत थांबून दाब हळूहळू चढवावा-उतरवावा लागतो. घाई केली तर रक्तात वायूचे बुडबुडे धरतात आणि माणूस सांधे धरून कोसळतो. हे काम किती सावकाश चालत असेल याची यावरून कल्पना यावी.

मधल्या तुकड्याच्या उशिराचे कारण मला तरी असे दिसते. पहिला टप्पा एस्प्लनेडपासून मैदानाच्या कडेने गेला. तिथे एका अंगाला इमारतीच नाहीत, खणायला आणि सामान ठेवायला जागा. याउलट बडाबाजाराच्या अंगाला जुन्या इमारती, आणि रस्त्याखाली विटांची जुनी गटारे, पाण्याचे मोठे नळ, गॅस, वीज, टेलिफोन. हे सर्व चालू ठेवून बाजूला सरकवायचे, मग खणायचे. रुग्णाचे जेवणखाण चालू ठेवून पोटाची शस्त्रक्रिया करण्यासारखा हा प्रकार आहे.

मिरज जंक्शन (मिरज)

दोन बारीक दुरुस्त्या आणि एक आवडता विषय.

पहिली दुरुस्ती : संपूर्ण १६.४५ किलोमीटर भुयारी नाहीत. मूळच्या १७ स्थानकांपैकी दमदम उंचावर आणि टॉलीगंज जमिनीवर आहे. भुयारी स्थानके १५. टॉलीगंजच्या पुढे न्यू गडियाच्या बाजूला २००९-१० मध्ये आणि दमदमच्या पुढे नोआपाडा व दक्षिणेश्वरकडे २०१३ व २०२१ मध्ये जो विस्तार झाला, तो खांबांवरून किंवा जमिनीवरून आहे, भुयारी नाही.

दुसरी दुरुस्ती नसून पडताळा आहे. मूळ लेखातले व इतर टप्पे मी कागदावर मांडले : ३.४०, २.१५, ४.२४, १.६२, ०.७१, १.९३, ०.६० आणि १.८०. बेरीज बरोबर १६.४५ येते. मधल्या कुठल्याही तुकड्याची लांबी कुणी फुगवलेली नाही, हे पाहून रेल्वेच्या माणसाला बरे वाटते.

आता आवडता विषय, रुळांची रुंदी. मिरजेत एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि लातूरकडे जाणारी नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या येत, त्यामुळे आमच्या गावात लहान मुलालाही गेज कळत असे. कोलकात्याची मेट्रो रेल्वेने बांधली, म्हणून तिला रेल्वेचाच १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज मिळाला. जगातल्या बहुतेक मेट्रो १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर धावतात. रुंद रुळाचा फायदा रुंद डबा, असे आपण समजतो. पण इथे डब्याची रुंदी आहे साधारण पावणेतीन मीटर, आपल्या नेहमीच्या ब्रॉडगेज डब्याहून जवळजवळ अर्धा मीटर कमी. भुयाराची पेटी जितकी रुंद तितका खड्डा रुंद, आणि खड्डा रुंद केला तर इमारतींना हात लागणार. म्हणजे रूळ ब्रॉडगेजचा, डबा अंग चोरून. उंची वाचवण्यासाठी वरची तार न घेता रुळाशेजारून ७५० व्होल्टचा तिसरा रूळ घेतला, तेही याच हिशेबाने.

जाता जाता : या मेट्रोच्या नियोजनात आणि आराखड्यात १९७० च्या सुमारास उपमुख्य अभियंता म्हणून काम केलेले अधिकारी म्हणजे ई. श्रीधरन. आपण त्यांना कोकण रेल्वेमुळे ओळखतो. दिल्ली मेट्रोच्या वेळी त्यांना स्टँडर्ड गेज हवा होता आणि रेल्वे मंत्रालयाने ब्रॉडगेजचा आग्रह धरला, हा वाद त्यांच्या वाट्याला पुन्हा आला.

हळदगल्ली (सांगली)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. कोयनाकाठ यांच्या विवेचनाबद्दल पूर्ण आदर राखून एक हरकत नोंदवते. माती, पाणी आणि गटारे यांच्यावर सगळा दोष टाकला की पैशाची बाजू झाकली जाते.

मी बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षे होते. अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांच्या फायली आमच्याकडे यायच्या. त्या सर्वांत एक गोष्ट समान असे : पैसा थेंबाथेंबाने आला तर खर्च धारेने वाढतो. या मेट्रोचा मंजूर अंदाज सुमारे १४० कोटी रुपयांचा होता आणि पूर्ण होईपर्यंत तो दीड हजार कोटींच्या पुढे गेला. पहिली पाच-सहा वर्षे तर निधीच पुरेसा मिळाला नाही. काम सुरू होताच खड्डा उघडायचा आणि पैसे नाहीत म्हणून तो तसाच उघडा ठेवायचा, यात माती काय करणार? न्यायालयांतले मनाई हुकूम आणि पोलाद-सिमेंटचा अनियमित पुरवठा यांची भर वेगळी.

शिवाय दमदम-बेलगाछियाचा तो सव्वादोन किलोमीटरचा तुकडा १९८४ मध्ये एकटाच उघडण्यात काय शहाणपण होते? ना तो शहराच्या मध्याशी जोडलेला, ना दक्षिणेशी. प्रवासी त्यातून जाणार कुठे?

घाटमाथा (विटा)

हळदगल्ली ताई, आपली हरकत मान्य आहे, बऱ्याच अंशी. आमच्या दारातल्या खड्ड्यात कित्येक महिने काहीच हालचाल नसे. पंप तेवढे चालू आणि एक रखवालदार. वडिलांना तर ती शांतता परवडत असे, दिवसभर तराजू वापरता येई.

तुटक्या तुकड्याविषयी आपण म्हणता तेच घडले. १९९२ च्या ऑक्टोबरात, २६ तारखेला, दमदम-बेलगाछियाची गाडी बंदच करण्यात आली. श्यामबाजारशी जोडणी होऊन ऑगस्ट १९९४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. आठ वर्षे चालवून, बंद करून, पुन्हा सुरू केलेला मेट्रोचा असा तुकडा आपल्याकडे दुसरा नसावा. तरीही माझे मत जरा वेगळे आहे. दोन टोके उघडी केल्यामुळे मधले काम कुणाला टाळता आले नाही. नुसते खड्डेच असते, तर एखाद्या सरकारने ते बुजवून टाकले असते. तसे बोललेही जात होते. धावणारी गाडी दिसल्यावर लोक शिव्या देत का होईना, पण वाट पाहू लागले.

मिरज जंक्शन यांच्या दुरुस्त्या स्वीकारल्या. डबा अंग चोरून असतो हे मी प्रत्यक्ष भोगले आहे. २०१० पर्यंत तर डब्यांत वातानुकूलन नव्हते, केवळ भुयारातली थंड केलेली हवा आणि पंखे. कार्यालये सुटण्याच्या वेळी सेंट्रलला आत शिरलेला माणूस ठाकूरबाडीत नैवेद्याला ठेवलेल्या लाडवासारखा दबून बाहेर निघे.

एक अवांतर : रवींद्र सदन स्थानकाच्या भिंतींवर टागोरांच्या हस्तलिखितांच्या प्रतिमा आहेत, खाडाखोडीतून चित्रे काढलेल्या. वडिलांनी त्या निरखून पाहिल्या आणि म्हणाले, “एवढ्या मोठ्या माणसाची वहीसुद्धा आपल्या उधारीच्या वहीसारखीच की.”

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

कोयनाकाठ सर, आपले उत्तर पटले. पण मग पुढचा प्रश्न येतोच. आता यंत्रे आली. हावड्याहून नदीखालून जाणारा नवा पूर्व-पश्चिम मार्ग पोखरूनच केला. मग बोबाजारात घरे का पडली?

कोयनाकाठ (कराड)

कारण यंत्र बदलले तरी जमीन तीच आहे. नदीखालचा सुमारे ५२० मीटरचा भाग, ज्याची सर्वांना धास्ती होती, तो निर्विघ्न पार पडला. आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बोबाजारात, भर वस्तीखाली, यंत्र पाण्याने भरलेल्या वाळूच्या थरात शिरले. पाणी आणि वाळू भुयारात घुसली, वरची जमीन खचली. घरांना तडे गेले, काही कोसळली, रहिवाशांना रातोरात बाहेर काढावे लागले. २०२२ मध्ये त्याच परिसरात पुन्हा पाणी झिरपून घरांना तडे गेले.

आणि आता धागाकर्त्यांच्या शीर्षकाकडे पाहा. पूर्व-पश्चिम मार्गाचा पूर्वेकडचा भाग २०२० मध्ये सुरू झाला आणि २०२२ मध्ये सियालदाला पोचला. पश्चिमेकडचा हावडा मैदान ते एस्प्लनेड हा नदीखालचा भाग मार्च २०२४ मध्ये. सर्वांत शेवटी, २२ ऑगस्ट २०२५ रोजी, एस्प्लनेड ते सियालदा हा मधला तुकडा, ज्याच्या पोटात बोबाजार येते.

घाटमाथा (विटा)

याबाबत एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जिथे घरे पडली त्या गल्ल्यांपैकी एकीचे नाव स्याकरापाडा लेन. बंगालीत स्याकरा म्हणजे सोनार. म्हणजे आपल्या भाषेत सोनार आळीच. तिथे दागिने घडवणाऱ्यांच्या कोंदट खोल्या होत्या आणि आमच्या गावाकडची काही माणसेही आसपासच्या भागात होती. घर सोडताना लोकांना आधी कपडे आणि कागद सुचतात. सोन्याच्या कारागिराला जमिनीवरची धूळ सुचते, कारण वर्षानुवर्षे कापताना-घासताना उडालेले कण तिच्यात असतात आणि गलाईवाला त्या धुळीचे पैसे देतो. ओळखीच्या एका कारागिराने मला फोनवर सांगितले की त्याला खोलीत परत जायला परवानगी मिळाली ती अवघ्या काही मिनिटांसाठी, आणि त्याने त्यात केरसुणी आणि पोते नेले.

१९८० च्या दशकात आम्ही रस्त्यावरचा खड्डा डोळ्यांनी पाहत होतो. तो त्रास होता, पण खाली काय चालले आहे ते कळत होते. पोखरण्याच्या पद्धतीत वरच्या माणसाला भिंतीवरचा तडा दिसेपर्यंत काहीच कळत नाही.

मिरज जंक्शन (मिरज)

+१. वरून खणण्याच्या पद्धतीची ही बाजू कधी लक्षात आली नव्हती.

हळदगल्ली (सांगली)

धुळीचा तपशील वाचून थांबले होते. आता एक व्यवहारी प्रश्न. माझा पुतण्या पुढच्या महिन्यात कामानिमित्त बडाबाजारात जाणार आहे. हावड्याला उतरल्यावर त्याने नदीखालची मेट्रो घ्यावी का?

घाटमाथा (विटा)

अवश्य घ्यावी, पण हौस म्हणून. हावड्याचे भुयारी स्थानक जमिनीखाली तीस मीटरांहून खोल आहे. उतरायलाच वेळ लागतो. तिथून नदीखालून एस्प्लनेड, तिथे जुन्या उत्तर-दक्षिण मार्गाकडे बदल, मग चांदनी चौक, सेंट्रल आणि तिसरे स्थानक महात्मा गांधी रोड. नदी ओलांडायला पाऊण मिनिट लागते. चढ-उतार आणि गाडी बदलण्यात बाकीचा वेळ जातो. बडाबाजार तर हावडा पुलाच्या पलीकडच्या टोकालाच आहे. वडील १९७१ साली पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन पुलावरून चालत गेले होते, आणि माझा चुलतभाऊ, जो आता ती भट्टी चालवतो, गावाहून परत गेला की अजूनही पुलावरूनच चालत जातो. पुतण्याकडे सामान कमी असेल तर त्यानेही तसेच जावे.